वाचकांचे प्रश्न : शाप, सूड आणि परीकथांचे चित्रपट

प्रश्न : झोपी गेलेल्या राजकन्येच्या परीकथेवर बेतलेला ‘मॅलेफिसेंट’ हा चित्रपट मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीबरोबर पाहिला. जुन्या गोष्टीतली दुष्ट परी येथे नायिका आहे आणि तिच्यावर अन्याय झाला म्हणून तिने तान्ह्या मुलीला शाप दिला, असे दाखवले आहे. ही सुडाची वकिली नव्हे काय? शिवाय शेवटी प्रेमाने सारे निस्तरते, हेही फार सोपे वाटले. — एक वाचिका, सातारा

उत्तर : आपली पहिली शंका रास्त आहे, दुसरीशी मात्र मी सहमत नाही.

जुन्या कथांत या सुडाचे कारण अगदी किरकोळ असते. शार्ल पेरो यांच्या 1697 मधील फ्रेंच कथेत राजकन्येच्या बारशाला सात पऱ्यांना बोलावणे जाते. पन्नास वर्षे मनोऱ्याबाहेर न पडलेली आठवी म्हातारी परी एव्हाना मेली असेल असे समजून तिला वगळले जाते आणि ती अवचित दारात उभी राहते, तेव्हा इतरांच्या पानापुढे ठेवलेला भरीव सोन्याचा डबा तिच्यासाठी घडवलेलाच नसतो. ग्रिम बंधूंच्या 1812 मधील जर्मन कथेत राजाकडे सोन्याची ताटे बाराच असतात, म्हणून तेरावीला आमंत्रणच जात नाही. (कार्यघरातले रुसवेफुगवे पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे कारण अगदीच अशक्य वाटणार नाही.) डिस्नेच्या 1959 च्या चित्रपटातही निमित्त आमंत्रणाचेच आहे, आणि तेथील मॅलेफिसेंट ड्रॅगनचे रूप घेऊन राजपुत्राच्या तलवारीने मरते. तिला मागचेपुढचे आयुष्यच नसल्यामुळे तिच्यात बदल घडण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

रॉबर्ट स्ट्रॉमबर्ग यांनी दिग्दर्शित केलेल्या 2014 च्या चित्रपटाने नेमके हे कारण बदलले. येथे स्टीफन हा तिचा बालमित्र राजगादीच्या लोभाने तिला गुंगीचे पेय पाजतो आणि झोपेत तिचे पंख कापून नेतो. तिचा संताप प्रेक्षकाला पटावा, अशी ही योजना आहे. मात्र ज्याचा सूड घ्यायचा तो स्टीफन आणि शाप भोगायचा तो पाळण्यातल्या त्याच्या मुलीने, ऑरोराने, ही विसंगती चित्रपट झाकत नाही. उलट सारी कथा तिच्याच आधाराने पुढे सरकते. म्हणून याला वकिली म्हणणे मला जड जाते.

बारशाचा प्रसंग आपण पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहावा. सोळाव्या वाढदिवसाच्या सूर्यास्तापूर्वी चरख्याची चाती बोटात रुतून मुलगी मृत्यूसारख्या झोपेत जाईल, असा शाप दिल्यावर मॅलेफिसेंट स्टीफनला सर्वांदेखत गुडघे टेकायला लावते आणि मग उःशाप देते : खऱ्या प्रेमाच्या चुंबनाने ती जागी होईल. हे औदार्य नव्हे, हा टोमणा आहे. मॅलेफिसेंटच्या स्वतःच्या सोळाव्या वाढदिवशी स्टीफनने जे चुंबन दिले होते, त्याला त्यानेच खऱ्या प्रेमाचे चुंबन म्हटले होते. आता तसले काही जगात नसतेच, अशी तिची खात्री झालेली आहे. शिवाय पृथ्वीवरची कोणतीही शक्ती हा शाप मोडू शकणार नाही, असेही ती वर जोडते.

पुढे झाडाआडून पाळत ठेवता ठेवता त्या मुलीचा तिला लळा लागतो आणि एका रात्री, झोपलेल्या ऑरोराच्या उशाशी उभी राहून, ती शाप मागे घेण्यासाठी आपली सारी जादू पणाला लावते. पण पूर्वी स्वतःच उच्चारलेले शब्द हवेतून तिच्यावरच उलटतात आणि शाप जागचा हलत नाही. माझ्या मते चित्रपटाचा प्राण येथे आहे. तिचे मन पूर्णपणे पालटले आहे, तरी केलेले कर्म तसेच उरले आहे. एकदाच भेटलेल्या राजपुत्राचे चुंबन निष्फळ ठरते. अखेरीस मॅलेफिसेंट क्षमेची अपेक्षा न ठेवता अपराधाची कबुली देते आणि केवळ निरोप म्हणून मुलीच्या कपाळाचे चुंबन घेते, तेव्हा ऑरोरा डोळे उघडते. आपण याला सोपे म्हणता; पण उपाय हाती उरलेला नाही असे मानून केलेली ती कृती आहे, हे विसरता येत नाही.

चित्रपटात खोट आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी. नायिकेला मन देताना पटकथेने ते स्टीफनकडून काढून घेतले आहे. पंख कापण्यापूर्वी खंजीर उगारून तिला ठार मारताना त्याचा हात थांबतो; ती एक चमक वगळली, तर तो उत्तरोत्तर नुसता वेडापिसा राजा होत जातो.

प्रश्न : डिस्नेच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये मुलीला डांबून ठेवणारा पुरुष तिच्या प्रेमाने सुधारतो. हा संदेश घातक नाही का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : पूर्वार्धापुरता आपला आक्षेप मान्य करावा लागेल. गंमत अशी, की या 1991 च्या चित्रपटाच्या आणि ‘मॅलेफिसेंट’च्या पटकथाकार एकच आहेत : लिंडा वूल्व्हर्टन. या चित्रपटामागच्या, फ्रेंच लेखिका बोमाँ यांच्या 1756 मधील कथेत पशू मुलीच्या बापाला जिवाची धमकी देतो खरा, परंतु मुलीशी तो पहिल्यापासून अदबीने वागतो, रोज रात्री लग्नाची मागणी घालतो आणि तिचा नकार मुकाट्याने ऐकून घेतो. तेथे बदलायचे असते ते तिच्या नजरेला. चित्रपटाने तो बदल पशूच्या स्वभावात नेला आणि त्यासाठी त्याला आधी तापट केले. तरीही नायिका बेलचा बाप संकटात आहे हे कळताच, त्याच्या शापाची मुदत मोजणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या गळत असताना, तो तिला जाऊ देतो. त्या वेळी तिच्याकडून प्रेमाची कबुली मिळालेली नसते, म्हणून तो सुधारला याचे श्रेय तिच्या प्रेमाला देणे बरोबर होणार नाही.

प्रश्न : मूळ परीकथांत सूड अधिक क्रूर होता, हे खरे आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ग्रिम बंधूंच्या बाबतीत बहुतेक वेळा खरे आहे. त्यांच्या हिमगौरीच्या कथेत सावत्र राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचावे लागते. डिस्नेच्या 1937 च्या चित्रपटात मात्र वीज कोसळून ती कड्यावरून पडते. स्टीफन आणि ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला गॅस्टन हेही जीवदान मिळाल्यावर पुन्हा वार करायला जाऊन उंचावरूनच पडतात; नायकाच्या हाताला रक्त लागू नये, ही पडद्याची जुनी सोय आहे. मात्र पेरो यांची सिंड्रेला छळणाऱ्या बहिणींना क्षमा करून त्याच दिवशी दरबारातल्या दोन सरदारांशी त्यांची लग्ने लावून देते, तेव्हा क्षमा ही नव्या चित्रपटांनी आणलेली गोष्ट आहे, असेही म्हणता येत नाही.