बोलला मानखुर्दचा आमदार, जाब मागितला गोडोलीत

"मॅडम, टीव्हीवर कुठल्या नेत्याचं धर्मावरनं नाहीतर महाराजांवरनं वक्तव्य आलं की आमच्या ह्यांचं डोकं फिरतं, रात्र रात्र झोपत नाहीत, काय करू?" हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत कितीतरी वेळा आलाय, कधी बायकोकडून, कधी सुनेकडून, कधी कॉलेजच्या पोराच्या आईकडून. म्हणून आज साताऱ्यातल्या एका काकांची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काका एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. मार्च 2025 मध्ये काकू त्यांना माझ्याकडं समुपदेशनाला जवळजवळ ओढतच घेऊन आल्या. तेव्हाचं वातावरण आठवत असेल तुम्हाला, मुंबईत अधिवेशन चालू असताना मानखुर्द शिवाजीनगरचे आमदार अबू आझमी औरंगजेब क्रूर नव्हता म्हणाले, त्यावरनं राज्यभर संताप उसळला, 5 मार्चला त्यांना अधिवेशन संपेपर्यंत निलंबित केलं, त्यांनी शब्द मागे घेतले तरी विषय काही थांबला नाही, औरंगजेबाच्या कबरीवर गेला आणि 17 मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. काकांचं बीपी वाढलेलं, जेवणावर लक्ष नाही. काकूंना वेगळीच भीती, काका रागाच्या भरात स्टेटस ठेवतील. ही भीती उगीच नव्हती, पुसेसावळीला 10 सप्टेंबर 2023 ला सोशल मीडियावरच्या पोस्टवरनं दंगल झाली, एक तरुण जीवानिशी गेला, ते आपल्याच जिल्ह्यात. शिवाय दोन समाजात तेढ वाढेल असं काही टाकलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे काकूंना त्यांच्या भाच्यानं सांगितलेलं.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. मी म्हटलं, काका थोडे दिवस बातम्या बंद ठेवा. ते ताडकन उठले. "आमच्या राजाबद्दल कुणीबी कायबी बोलायचं, आन आमी गप बसायचं व्हय?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला महाराज म्हणजे पुस्तकातला धडा नाही, घरातलं थोरलं माणूस आहे, आणि घरातल्या माणसाला कुणी बोललं तर राग येणारच. तो राग आजार नाही. घरच्यांनी "सोडा हो ते राजकारण" म्हटलं की माणूस आणखी एकटा पडतो, मीही तेच करून बसले होते. मी तसं त्यांना सांगितलं, मग ते परत खुर्चीत बसले.

नंतर मी विचारलं, 2022 मध्ये काय झालेलं? तेव्हाचे राज्यपाल कोश्यारी औरंगाबादला विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, शिवाजी महाराज जुन्या काळातले आदर्श असं बोलले होते, तेव्हाही राज्य पेटलेलं, डिसेंबरात पुणे बंद झालं. काका म्हणाले, तवा तर लई संताप झालेला. झोप? झोप लागत होती की! कारण तेव्हा ते चार जणांबरोबर कलेक्टर ऑफिसला निवेदन द्यायला गेले होते, घोषणा दिल्या, येताना पोवई नाक्यावर महाराजांच्या पुतळ्याला हार घातला, चहा पिऊन घरी आले. यावेळी मात्र एकटे, गादीवर आडवे, हातात मोबाईल.

मी त्यांना एक वही दिली, कंडक्टर माणूस, हिशेब पक्का. व्हिडिओ बघितला की वेळ आणि कुणी पाठवला ते लिहायचं, बाकी काही नाही. आठ दिवसांनी वही आणली तर एकच अर्ध्या मिनिटाची क्लिप त्यांनी चौदा वेळा बघितलेली, पाच ग्रुपवरनं आलेली, जास्त करून रात्री अकराच्या पुढं. स्वतःच वही बघत गप्प झाले. शरीराला काय कळतंय हो, त्याला दर वेळी नव्यानंच कुणीतरी अंगावर आल्यासारखं वाटतं, छाती धडधडते, मग झोप कुठनं येणार. त्या दिवसापासनं मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लागायला लागला.

झोप थोडी सुधारली, पण पहाटे तीनला जाग यायचीच. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, यातलं कुणाशी बोलला का तुम्ही? बराच वेळ खिडकीकडं बघत बसले. मग सांगितलं.

त्यांचा एक मित्र, साताऱ्यातल्याच गोडोलीत राहणारा, एसटीचाच ड्रायव्हर, मुसलमान. दोघांनी वर्षानुवर्षं एका गाडीवर ड्युटी केलेली, महाबळेश्वरवरनं महाडला जाताना वाडा कुंभरोशीला गाडी आली की हाच मित्र लहान पोरांना हाक मारून प्रतापगड दाखवायचा. 2022 ला निवेदन द्यायला गेलेल्या चौघांत तो पण होता. दर रविवारी दोघं अजिंक्यताऱ्यावर चालायला जायचे. मार्चमधल्या एका रविवारी काकांनी मध्येच त्याला विचारलं, "तुमच्या लोकांचं काय म्हणणं हाय औरंग्याबद्दल?" मित्र काही बोलला नाही. खाली उतरताना एवढंच म्हणाला, "बोलला मानखुर्दचा आमदार, मी गोडोलीत राहतो." त्यानंतर रविवार बंद.

काका रडले. पहाटे तीनला जाग आणणारा हा प्रश्न होता, "तुमच्या लोकांचं". वक्तव्य करणारे लांब असतात, त्यांना पोलीस संरक्षण असतं, आपला राग तिथंवर पोचत नाही, मग हाताशी जो असतो त्याच्यावर पडतो, आणि तो बऱ्याचदा आपलाच असतो. मुली बापाशी बोलेनाशा झाल्यात, भाऊ-भाऊ ग्रुपमधनं बाहेर पडलेत, असं मी रोज ऐकते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून ज्या कुणाला आपल्या माणसाची काळजी वाटतेय त्यांनी, राग का आला हे विचारत बसू नका, तो कुणावर निघाला ते विचारा. निषेध करायचा असेल तर जरूर करा, उजेडात, चार लोकांत, सही करून. आणि दोन-तीन आठवडे झोपच नसेल, बीपी वर असेल तर आधी डॉक्टरांकडं जा.

काका मित्राच्या घरी गेले. पहिल्या खेपेला तो बाहेर आलाच नाही, मुलानं सांगितलं झोपलेत. दुसऱ्या वेळी दारातच बोलणं झालं. काका म्हणाले, मी चुकलो, तुला विचारायला नको होतं. तो म्हणाला, बरं. एवढंच. पाऊस सुरू व्हायच्या आधी दोघं एकदा 'चार भिंती' स्मारकापर्यंत जाऊन आले, त्या विषयावर एक शब्द नाही.

"अजून पैल्यासारखा बोलत न्हाई तो," काका शेवटच्या भेटीत म्हणाले. मी म्हटलं, वेळ लागेल. "लागंना," म्हणाले, "रविवारी सहाला जाऊन उभा राहतो मी त्याच्या दारात."