जॉर्ज फर्नांडिस यांनी इतके पक्ष का बदलले? ते संधिसाधू होते का?

संधिसाधू हा शब्द मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीला लावावासा वाटत नाही. मात्र १९७९ च्या जुलै महिन्यापुरता तो नाकारताही येत नाही.

मंगळूरहून आलेला हा तरुण १९४९ मध्ये मुंबईत पोहोचला, तेव्हा चौपाटीच्या बाकांवर झोपत होता. गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली तो संघटना बांधायला शिकला आणि पुढे टॅक्सीचालक, महापालिका कर्मचारी असे एकेक क्षेत्र त्याने उभे केले. १९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाच्या या उमेदवाराने दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बलाढ्य काँग्रेस नेत्याला पाडले, तेव्हा त्यामागे पक्षापेक्षा युनियनचे जाळे आणि त्यातून मिळालेली माणसे होती. पक्ष हे साधन आणि युनियन हे घर, ही त्यांची सवय मला तेव्हापासूनची दिसते.

हे घर मात्र सुटत गेले. १९७१ मध्ये त्याच मतदारसंघात ते हरले. मे १९७४ चा रेल्वे संप वीस दिवसांनी बिनशर्त मागे घ्यावा लागला, आणि आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात, म्हणजे सरकारविरोधात स्फोट घडवण्याच्या कटाच्या आरोपाखाली, ते तुरुंगात गेले. १९७७ मध्ये तुरुंगातूनच ते जनता पक्षातर्फे तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले, पण मुंबईतून नव्हे, तर बिहारमधील मुझफ्फरपूरमधून. माझ्या मते खरे वळण हेच आहे. तेथे त्यांच्यामागे त्यांनी स्वतः बांधलेली कामगार संघटना नव्हती. जातींची गणिते आणि पक्षांच्या युत्या सांभाळल्याशिवाय निवडून येणे कठीण होते.

जुलै १९७९ मध्ये त्यांनी लोकसभेत जनता पक्षाच्या मोरारजी देसाई सरकारची जोरदार बाजू मांडली आणि काही दिवसांतच ते त्या पक्षातून फुटलेल्या चरणसिंगांच्या गोटात गेले. जनता पक्षातील जनसंघीयांच्या दुहेरी निष्ठेचा, म्हणजे संघाच्या सदस्यत्वाचा, वाद खरा होता. परंतु तो त्या भाषणाच्या दिवशीही तितकाच खरा होता. या उलटफेराचे समर्थन मला करता येत नाही.

१९९४ चे पक्षांतर मी वेगळे मानतो. तेव्हा ते ज्या पक्षात होते त्या जनता दलात लालूप्रसाद यादवांचे वर्चस्व वाढल्यावर नितीशकुमारांसह त्यांनी समता पक्ष काढला, त्यामागे बिहारच्या राजकारणातील खरे मतभेद होते. पण तेथून दोन वर्षांत ते भारतीय जनता पक्षाचे मित्र झाले, १९९८ मध्ये संरक्षणमंत्री झाले, आणि २००२ च्या गुजरात दंगलींनंतर लोकसभेत सरकारचा बचाव करणारे भाषण त्यांनी केले. त्यांच्याविषयी आदर असणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ते भाषण आजही सलते.

याच माणसाने १९८९–९० मध्ये रेल्वेमंत्री म्हणून कोकण रेल्वेचे रखडलेले काम मार्गी लावले, हे कोकणातला माणूस विसरणार नाही. सत्तेत राहिल्याने असे काही करता येते, हा हिशेब पक्ष बदलताना त्यांच्या मनात असावा, असे मला वाटते.

२००३ मध्ये समता पक्ष संयुक्त जनता दलात विलीन झाला, आणि २००९ मध्ये त्याच पक्षाने प्रकृतीचे कारण देऊन त्यांना लोकसभेची उमेदवारी नाकारली. ते मुझफ्फरपूरमधून अपक्ष उभे राहिले आणि दारुण हरले. त्या वेळी त्यांच्या पाठीशी ना पक्ष होता, ना युनियन.