पाच विषय, पाच सिलॅबस, आणि प्रत्येक असाइनमेंटची तऱ्हा वेगळी. हे वाचायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की पहिल्या वर्षाला पाच विषय आहेत, ज्या पद्धतीने लिहून इतिहासात चांगले मार्क पडले त्याच पद्धतीने लिहिलेला भौतिकशास्त्राचा रिपोर्ट मात्र लाल शाईने भरून परत आला. माझं अगदी उलट झालं होतं. विज्ञान सोडून इतिहासाकडे वळलो तेव्हा पहिला निबंध मी सवयीने उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे देऊन लिहिला. बाईंनी समासात एवढंच लिहिलं, "हा प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत केलात?" आता स्वतः असाइनमेंट तपासतो, त्यामुळे दोन्हीकडची बाजू सांगू शकेन.

सिलॅबस हातात आला की बहुतेक जण युनिटांची यादी वाचतात. माझ्या मते ती सगळ्यात कमी कामाची, तेवढं तर पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतही मिळतं. (सिलॅबस हा शब्दच मुळात छपाईच्या चुकीतून आलाय. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो याच्या पत्रांच्या पंधराव्या शतकातल्या छापील आवृत्तीत ग्रंथाच्या गुंडाळीला लावायच्या चिठ्ठीचा शब्द चुकीचा छापला गेला आणि तोच रूढ झाला.) त्याऐवजी 'कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय काय जमेल' असा जो रटाळ परिच्छेद असतो, त्यातल्या क्रियापदांखाली रेघा मारा. आणि मार्कांची वाटणी बघा.

ती क्रियापदं सहसा एका ठरलेल्या तक्त्यातून येतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शिकण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, २००१ मध्ये त्या सुधारल्या गेल्या. तळाला लक्षात ठेवणं, मग समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन आणि वर नवं काही घडवणं. आम्ही मास्तर मंडळी कधीकधी डोळे मिटून त्यातून शब्द उचलतो, हे कबूल. तरी तपासताना मार्क त्या क्रियापदालाच जातात. 'तुलना करा' म्हटलं की निम्मे विद्यार्थी दोन गोष्टींची वर्णनं एकाखाली एक लिहून मोकळे होतात. तुलना तेव्हा होते जेव्हा तुम्ही एखादा निकष धरता आणि दोन्ही गोष्टी त्याच निकषावर तपासता. 'चिकित्सा करा' याचा अर्थ नावं ठेवा असा होत नाही. आणि 'वर्णन करा' असेल तिथे तुमचं मत कुणी मागितलेलं नसतं.

मार्कांच्या वाटणीशेजारी क्रेडिटचा आकडा असतो, तो तासांत मोजून बघा. युरोपातल्या विद्यापीठांच्या ईसीटीएस नावाच्या क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला साधारण २५ ते ३० तासांचं काम, वर्ग आणि घरचा अभ्यास धरून. म्हणजे ५ क्रेडिटचा कोर्स १२५ ते १५० तासांचा. वर्गात ४० तास गेले तर उरलेले शंभरेक तास तुमच्या एकट्याच्या मानेवर आहेत. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण गुणाकार एकदा करून बघाच.

आता मूळ दुखणं. 'हे खरं कशावरून?' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक विषयात वेगळं असतं, आणि असाइनमेंट नेमकं तेच तपासते.

गुरुत्वत्वरण मोजायचा लंबकाचा प्रयोग घ्या. एक मीटरचा दोरा, दहा आंदोलनांना साधारण २० सेकंद, हातात स्टॉपवॉच. बटण दाबताना पुढेमागे ०.२ सेकंद होणारच, म्हणजे वेळेत १ टक्का चूक. सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे गुरुत्वत्वरणात ती २ टक्के होते. तेव्हा उत्तर ९.८ ± ०.२ असं लिहायचं. कॅल्क्युलेटरने दाखवलं म्हणून ९.७८३४६ उतरवलंत की तपासणाऱ्याला कळतं की आपण काय मोजलं याचा तुम्ही विचारच केलेला नाही. उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या कितीही जवळ असलं तरी मार्क जातात. तुमच्या लाल शाईतली निम्मी याच कारणाची असेल, असा माझा कयास.

गणितात मोजमापाचं काही चालत नाही. n² + n + ४१ हे सूत्र घ्या. n च्या जागी ० ठेवा, ४१ येतं, मूळ संख्या. १ ठेवा, ४३. २ ठेवा, ४७. असं ३९ पर्यंत ठेवत गेलात तरी दर वेळी मूळ संख्याच मिळते. चाळीस उदाहरणं जुळल्यावर कुणालाही वाटेल की झालं सिद्ध. आणि ४० ला येतं १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. प्रयोगशाळेत चाळीस वाचनं म्हणजे चैन, गणिताच्या वहीत त्यांची किंमत शून्य. तिथे 'हे उघडच आहे' असं लिहिलेल्या ओळीवर मी आधी बोट ठेवतो, कारण भोक बहुतेक तिथेच असतं.

इतिहासात पुरावा म्हणजे कुणीतरी, कुणासाठी तरी, कशासाठी तरी लिहिलेला कागद. सैन्य किती होतं हे सेनापतीच्या पत्रात लिहिलंय, ठीक. पण ते पत्र जादा कुमक मागण्यासाठी लिहिलं असेल तर शत्रूचा आकडा फुगणारच. हे ओळखून लिहिलेल्या एका परिच्छेदाला सनावळीच्या दोन पानांपेक्षा जास्त मार्क मिळतात. साहित्यात कथानक पुन्हा सांगू नका, मास्तरांनी ते वाचलेलं असतं. एक ओळ उचला आणि तिच्यातला शब्द तिथेच का आहे ते सांगा. प्रोग्रॅमिंगमध्ये 'माझ्याकडे चालला' हे उत्तर नाही. रिकामी यादी दिली तर काय होतं, ते बघितलंय का?

वेळेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. १९९४ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी अंदाज ३४ दिवसांचा. सगळंच बिघडलं तर? साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणून मी दर सबमिशनची तारीख वहीत दहा दिवस आधीची लिहायला लागलो. पहिली दोन वर्षं स्वतःलाच फसवतोय असं वाटायचं, पण फसलो बुवा.

आणि मास्तरांना 'सर, तुम्हाला नक्की काय हवंय?' असं विचारू नका. त्यावर 'नीट लिहा' याखेरीज काही मिळत नाही. लिहिलेला एकच परिच्छेद घेऊन जा आणि विचारा, इथे मी तुलना केलीय की नुसती दोन वर्णनं? भौतिकशास्त्राचा तो परत आलेला रिपोर्टही सोबत न्या. लाल शाईतला जो शेरा कळला नाही, त्यावरच बोट ठेवून विचारा.