माझे हात थोडे थरथरतात. मला सर्जन होता येईल का? नाजूक ऑपरेशन करणारे डॉक्टर हात स्थिर कसे ठेवतात?

हात सगळ्यांचेच थरथरतात, माझेही. मी डोळ्यांची ऑपरेशनं करतो. निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक हलत असतो. एरवी ते जाणवत नाही, मायक्रोस्कोपखाली मात्र चिमट्याचं टोक चक्क नाचताना दिसतं. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनात भिंगामागचं जे आवरण फाटू द्यायचं नसतं, ते असतं जेमतेम ४ मायक्रॉन जाड. डोक्याचा केस ७०च्या आसपास भरतो.

शिकत असताना आम्ही खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या डोळ्यांवर टाके घालायचो. थर्माकोलमध्ये डोळा बसवलेला, माझी दोन्ही कोपरं हवेत, सुई घट्ट आवळलेली. जितकी आवळावी तितकी थरथर वाढे. मॅडम मागून आल्या, माझी करंगळी धरून थर्माकोलवर टेकवली आणि म्हणाल्या, "सैल धर जरा, पळून नाही जात ती." निम्मी थरथर तिथेच गेली.

कारण सोपं आहे. हात अधांतरी असला की खांद्याजवळचं जरासं हलणं बोटांच्या टोकाशी मोठं होऊन पोचतं. करंगळी टेकली की हलतात ती फक्त बोटं. खऱ्या ऑपरेशनात करंगळी आणि अनामिका पेशंटच्या कपाळावर किंवा गालाच्या हाडावर टेकवतो. पेशंट बहुतेकदा जागाच असतो. त्याचं डोकं किंचित हललं तर टेकलेला हातही सोबत जातो, हा वरचा फायदा. स्टुलाची उंची जमवण्यात मी दोन मिनिटं घालवतो. सिस्टर वैतागतात, वैतागू देत.

बाकी, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी जिममध्ये वजनं उचलत नाही, दमलेले स्नायू जास्त थरथरतात. झोप पूर्ण हवी. काहीजण प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं औषध घेतात, त्याने कंप कमी होतो हे खरं. पण नाडी मंदावते, दमेकऱ्यांना ते चालत नाही. शिकाऊ माणसाने गोळीवर हात बसवू नये, असं माझं मत.

यंत्रंही आहेत. सर्जन दुरून हाताने चालवतो तो दा विंची रोबोट कंप गाळतो आणि हाताची हालचाल टोकाशी लहान करून पोचवतो, पण डोळ्यासाठी त्याची अवजारं फार मोठी. २०१६ मध्ये ऑक्सफर्डला डोळ्यांचे सर्जन रॉबर्ट मॅकलारेन यांच्या टीमने खास डोळ्यासाठी केलेल्या रोबोटने डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचा (रेटिनावरचा) पातळ पापुद्रा काढला. माझ्या टेबलावर अजून करंगळीच आहे.

तुमचं म्हणाल तर आधी थायरॉइड तपासून घ्या. दम्याचा पंप वापरत असाल तर त्यानेही हात थरथरतात. हात मांडीवर निवांत असतानाही हलत असेल किंवा कप धरताना चहा सांडत असेल, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. यातलं काही नसेल तर एक पिकलेला टोमॅटो घ्या, करंगळी टेकवा आणि बारीक चिमट्याने त्याच्या सालीचा गोल तुकडा न फाडता काढून बघा. माझे पहिले वीसेक टोमॅटो चटणीत गेले.