वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधील बॉबिन लेस आणि ती विणणाऱ्या बायका

प्रश्न : मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका असून माझी मुलगी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स येथे राहते. तेथील जुन्या वस्तूंच्या बाजारात मला हाडाची एक बारीक, बोटभर लांब कांडी मिळाली. तिच्या खालच्या टोकाला तारेत ओवलेले काचेचे मणी आहेत आणि अंगावर ठिपक्याठिपक्यांनी 'मेरी' असे नाव कोरलेले आहे. ही एकोणिसाव्या शतकातील लेस विणण्याची बॉबिन आहे, असे विक्रेत्याने सांगितले. ही मेरी कोण होती, याचा शोध पुण्यात बसून घेता येईल का? या विषयाच्या अभ्यासाला सुरुवात कोठून करावी?

उत्तर : केवळ नावावरून आपली मेरी सापडणे जवळपास अशक्य आहे. बॉबिनवरचे नाव ती वापरणाऱ्या बाईचे असेलच असे नाही. ते तिच्या मुलीचे, बहिणीचे किंवा मैत्रिणीचेही असू शकते. मात्र मेरीच्या गावातल्या आणि तिच्या पिढीतल्या लेस विणणाऱ्या बायका कशा जगत होत्या, हे बऱ्याच खोलात जाऊन शोधता येते, आणि त्यातील बरेचसे काम घरबसल्या होण्यासारखे आहे.

शिलाई यंत्रात बसते ती धातूची बॉबिन येथे अभिप्रेत नाही. पेंढा ठासून भरलेल्या कडक उशीवर चर्मपत्राचा टोचलेला खाका ठेवायचा, खाक्याच्या छिद्रांत पितळी टाचण्या खोचायच्या आणि त्या टाचण्यांभोवती धागे एकमेकांवरून नेत, पिळत लेस विणायची, अशी ही पद्धत आहे. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक बॉबिन असते आणि रुंद नक्षीला अशा शेकडो बॉबिन्स एकाच वेळी लागतात. तळाशी असलेल्या मण्यांच्या कडीमुळे बॉबिनला वजन येते, धागा ताणलेला राहतो आणि बॉबिन उशीवर घरंगळत नाही. मण्यांची ही कडी बेडफर्डशायर, बकिंगहॅमशायर आणि नॉर्दॅम्प्टनशायर या तीन परगण्यांची ओळख आहे. डेव्हनमधील हॉनिटन लेसच्या बॉबिन्स मणी नसलेल्या, सडपातळ आणि टोकाला निमुळत्या असतात, कारण तेथे आधी विणून झालेल्या भागाच्या फटीतून बॉबिन ओवून काढावी लागते. तेव्हा आपली कांडी कोणत्या प्रदेशातली, या प्रश्नाचे उत्तर तिच्या मण्यांनीच दिले आहे.

कारागिराचा शोध मात्र घेऊन पाहावा. मिल्टन कीन्सच्या जवळच असलेल्या डीन्सहँगर या गावी जेसी कॉम्प्टन आणि त्यांचा मुलगा जेम्स कॉम्प्टन या बॉबिन्स घडवत आणि बेडफर्डमध्ये आर्चिबाल्ड ॲबट हे कारागीर होते. अक्षरांची ठेवण, ठिपक्यांतला लाल, निळा किंवा काळा रंग, डोक्याच्या कातकामाची तऱ्हा यांवरून अभ्यासकांनी प्रत्येकाचा हात ओळखण्याची पद्धत बसवलेली आहे. आपल्या बॉबिनची चारही बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे काढून ती संग्रहालयांच्या ऑनलाइन सूचींतील नमुन्यांशी ताडून पाहावीत. काही बॉबिन्सवर फाशीच्या शिक्षेची नोंदही आढळते. पत्नीच्या खुनाबद्दल बेडफर्ड येथे 1860 साली फाशी गेलेला जोसेफ कासल आणि त्याच गावात 1868 साली, तेथील शेवटच्या जाहीर फाशीत, मरण पावलेला विल्यम वॉर्स्ली यांची नावे अशी कोरलेली आहेत. घरच्या माणसांच्या नावांशेजारी बायका फाशीची तारीखही उशीवर बाळगत होत्या, हे वाचून मन थबकते. तथापि अशा बॉबिन्सना संग्राहकांत मोठी मागणी असते आणि कोरीव मजकुराच्या बॉबिन्स आजही घडवल्या जातात, म्हणून नुसत्या मजकुरावर विसंबून काळ ठरवू नये.

कागदपत्रांत पहिली पायरी जनगणनेची. ब्रिटनमध्ये जनगणनेची माहिती शंभर वर्षे बंद ठेवली जाते, त्यामुळे 1841 पासून 1921 पर्यंतच्या नोंदी आता पाहता येतात आणि शुल्क भरून त्या पुण्यातूनही वाचता येतात. सुरुवात 1851 च्या जनगणनेपासून करावी, असे मी सुचवेन. 1841 मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तीचे वय सामान्यतः पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिले जाई, कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिले जात नसे आणि जन्मगावही नोंदवले जात नसे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, पत्नीचा आणि आई-वडिलांना कामात हातभार लावणाऱ्या, पण वेगळी मजुरी न घेणाऱ्या मुलामुलींचा व्यवसाय लिहिण्याची गरज नाही, अशी सूचनाच त्या वेळी गणना करणाऱ्यांना दिलेली होती. चूल, मुले आणि शेतातली सुगी सांभाळून उरलेल्या वेळात उशीवर बसणारी बाई अशा रकान्यात कशी दिसणार? म्हणून एखाद्या गावात लेस विणणाऱ्या बायका इतक्याच होत्या, असे जनगणनेच्या आधारे कोणी सांगितले, तर तो आकडा कमीत कमी एवढ्या होत्या, असा वाचावा. शेजारशेजारच्या दोन गावांच्या आकड्यांत फार मोठी तफावत दिसली, तर ती कित्येकदा दोन गणना करणाऱ्यांच्या सवयींतली असते.

व्यवसायाच्या रकान्यात 'लेस' हा शब्द दिसला की लगेच हुरळून जाऊ नये. नॉटिंगहॅम आणि त्याच्या आसपास लेसशी संबंधित व्यवसाय बहुधा यंत्रावरच्या लेसचे असतात. ती दुरुस्त करणाऱ्या, तिच्यावर सुईने भरतकाम करणाऱ्या बायका तेथे मोठ्या संख्येने होत्या. लहान मुलांबाबत तर अधिक जपून राहावे लागते. पाच-सहा वर्षांची मुलगी एका घरात लेस विणणारी म्हणून आणि शेजारच्या घरात विद्यार्थिनी म्हणून नोंदलेली आढळते, आणि दोघी एकाच 'लेस शाळेत' जात असण्याची शक्यता असते.

या लेस शाळांसाठी संसदेने नेमलेल्या बालमजुरी चौकशी आयोगांचे अहवाल वाचावेत. लेसच्या कामाविषयीचा एक अहवाल 1843 सालचा आहे, तर दुसऱ्या आयोगाने हे काम 1860 च्या दशकात पाहिले. साधारण पाचव्या वर्षापासून मुले, त्यांत काही ठिकाणी मुलगेही, एखाद्या बाईच्या घरातल्या खोलीत दाटीवाटीने बसून विणत. धुराने लेस काळवंडू नये म्हणून हिवाळ्यातही विस्तव टाळला जाई आणि पायांशी निखाऱ्याच्या राखेची कुंडी ठेवून ऊब घेतली जाई. अंधार पडल्यावर एका मेणबत्तीभोवती पाणी भरलेले काचेचे गोळे उभे करीत. प्रत्येक गोळा तो उजेड एकवटून एकेका उशीवर टाकी आणि एकाच ज्योतीवर कित्येक जणी विणत राहत. तासाला किती टाचण्या लावल्या यावर काम मोजले जाई आणि टाचण्यांची मोजदाद करणारी गाणी मुले एकसुरात म्हणत. या साक्षी वाचताना प्रश्न विचारणारा अधिकारी कोण, उत्तर देणारे मूल कोण आणि त्या वेळी शाळेची मालकीण खोलीत होती का, हे आपण स्वतःला विचारीत राहिले पाहिजे. तरीही त्या काळच्या मुलींचे शब्द जेथे थोडेफार उरले आहेत, अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे आणि म्हणून मला हे अहवाल फार मोलाचे वाटतात.

आठ वर्षांखालील मुलांना कार्यशाळेत कामाला लावण्यास 1867 च्या कायद्याने बंदी घातली आणि 1880 पासून शाळेतली हजेरी सक्तीची झाली. त्या संक्रमणाचे सर्वांत जिवंत चित्र गावोगावच्या शाळांच्या नोंदवह्यांत सापडते, कारण अमुक मुलगी लेसच्या कामामुळे आली नाही, अशा नोंदी मुख्याध्यापक तेथे करीत असत. या वह्या परगण्यांच्या अभिलेखागारांत असतात. बेडफर्ड, एल्सबरी आणि नॉर्दॅम्प्टन येथील अभिलेखागारांच्या सूची आधी ऑनलाइन पाहाव्यात, हव्या त्या वहीचा क्रमांक टिपून घ्यावा आणि मुलीकडे जाल तेव्हाच त्या प्रत्यक्ष वाचाव्यात. त्याच मुक्कामात ओल्नी येथील कूपर आणि न्यूटन संग्रहालय आणि बेडफर्डचे हिगिन्स संग्रहालय अवश्य पाहावे.

हिगिन्समध्ये टॉमस लेस्टर या बेडफर्डच्या लेस व्यापाऱ्याच्या घराण्याचा संग्रह आहे. पशुपक्षी आणि फुलापानांनी भरलेल्या त्यांच्या नक्ष्या अप्रतिम आहेत आणि 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्यांची लेस मांडली गेली होती. परंतु त्या नक्ष्या प्रत्यक्ष विणणाऱ्या बायकांची नावे लेसवर नाहीत. राणी व्हिक्टोरियाच्या 1840 सालच्या विवाहवस्त्राची हॉनिटन लेस डेव्हनमधील बिअर या गावी आणि आसपास विणली गेली. देखरेख करणाऱ्या जेन बिडनी यांचे नाव सर्वत्र आढळते, पण विणणाऱ्या दोनशेहून अधिक जणी केवळ संख्या होऊन राहिल्या आहेत. नाव राहते ते नक्षी देणाऱ्याचे, माल विकणाऱ्याचे आणि नेसणाऱ्याचे. आपल्याला खरोखर संशोधन करायचे असेल, तर एकच गाव निवडावे, त्या गावच्या 1851 पासूनच्या सगळ्या जनगणना, शाळेची वही, व्यवसाय-निर्देशिकांतील लेस व्यापारी आणि 'नॉर्दॅम्प्टन मर्क्युरी'सारख्या स्थानिक वृत्तपत्रांतील उल्लेख एकमेकांशेजारी मांडावेत आणि प्रत्येक बाईची एकेक ओळ तयार करावी. हे काम किचकट आहे, पण जगप्रसिद्ध नमुन्यांवर आणखी एक लेख लिहिण्यापेक्षा त्याची गरज कितीतरी अधिक आहे.

प्रश्न : आमच्या आजीच्या पेटीत पोलक्याला लावलेली जुनी पांढरी लेस सापडली. ती इंग्लंडमध्ये हाताने विणलेली असेल का?

उत्तर : बहुधा नाही. जॉन हीथकोट यांनी हाताच्या लेसमधील षट्कोनी जाळी यंत्रावर विणण्याची युक्ती शोधून 1808 आणि 1809 मध्ये तिचे एकस्व (पेटंट) घेतले. लफबरो येथील त्यांच्या कारखान्यातील 55 यंत्रे 1816 साली फोडली गेली, तेव्हा ते डेव्हनमधील टिव्हर्टन येथे गेले. त्यापूर्वीच, 1813 मध्ये, जॉन लीव्हर्स यांनी नॉटिंगहॅममध्ये आपले यंत्र तयार केले होते आणि पुढे त्याला जकार्डची, म्हणजे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनी नक्षी ठरवणाऱ्या यंत्रणेची, जोड मिळाल्यावर जाळीसोबत नक्षीही यंत्रावर निघू लागली. त्यानंतर दूरदूरच्या बाजारपेठांत स्वस्त लेसचे ताव आणि पट्ट्या पोहोचल्या.

भिंगातून पाहा. हाताच्या लेसमध्ये भरीव भाग कापडासारखा, आडव्या-उभ्या धाग्यांनी सरळ विणलेला दिसतो; यंत्राच्या लेसमध्ये त्याच जागी उभ्या, किंचित फुगीर रेघा दिसतात आणि नक्षीची पुनरावृत्ती तंतोतंत असते. मात्र काही यंत्रे हुबेहूब हाताची वीण काढतात, त्यामुळे अंतिम निर्णय जाणकारालाच करू द्यावा. हाताची लेसही यंत्रामुळे बदलत गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हॉनिटनच्या बायका सुटी फुले विणून ती यंत्राच्या जाळीवर शिवू लागल्या, तर बेडफर्डशायरमध्ये 1851 च्या प्रदर्शनानंतर माल्टाच्या लेसवरून घेतलेली, जाळी नसलेली आणि पेडांनी जोडलेली वीण रूढ झाली, कारण ती लवकर होई आणि यंत्राला तिची नक्कल करणे तेव्हा अवघड होते.

प्रश्न : आठव्या हेन्रीची राणी कॅथरीन हिने बेडफर्डशायरच्या बायकांना लेस विणायला शिकवले, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : राणी कॅथरीन 1530 च्या दशकाच्या सुरुवातीस बेडफर्डशायरमधील ॲम्प्टहिल येथे राहिली होती, एवढे खरे. तिने लेस शिकवल्याचा तत्कालीन पुरावा नाही. लेस विणणाऱ्या बायका 25 नोव्हेंबरचा 'कॅटर्न' हा सण गोड केक करून पाळीत असत. तो सूत कातणाऱ्यांची आश्रयदाती मानल्या गेलेल्या संत कॅथरीनचा दिवस आहे आणि दोन्ही नावांची सरमिसळ होऊन राणीची कथा रुजली असावी, असे मला वाटते. कथेचा अभ्यासही अवश्य करावा, परंतु एकोणिसाव्या शतकातील लोकांना आपल्या धंद्याला राजघराण्याचे मूळ का हवेसे वाटले, या अंगाने तो करावा. धंद्याच्या खऱ्या हालअपेष्टा ओल्नीचे कवी विल्यम कूपर यांनी 1780 मध्येच पत्रातून कळवल्या होत्या आणि त्यांत राणीचा संबंध कोठेही नाही.

प्रश्न : ही कला भारतात आली होती का?

उत्तर : आली होती. त्रावणकोर संस्थानातील नागरकोइल येथे लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट यांनी 1820 च्या दशकात मिशनच्या शाळेतील मुलींना उशीवरची लेस शिकवली. सोसायटीची कागदपत्रे लंडनमध्ये सोआस या संस्थेच्या ग्रंथालयात आहेत, आणि तमिळ जाणणारा सहकारी मिळाल्यास स्थानिक चर्चच्या नोंदींसह त्यांचा अभ्यास करता येईल.