मुले झोपत नाहीत, त्यांना कोणीतरी झोपवते

पत्र : मी सांगलीची, वय 24. मे महिन्यापासून थायलंडमधील नाखोन राचासिमा येथील एका बालवाडीत चार वर्षांच्या 26 मुलांना इंग्रजी शिकवते. ही माझी पहिलीच नोकरी. रात्री बारापर्यंत जागून चित्रकार्डे करते, गाणी बसवते, तरी मुले एक वाक्य बोलत नाहीत. शंभरदा सांगूनही ‘बॉल’ला ‘बॉन’च म्हणतात आणि रडू आले की मला ओलांडून थाई बाईकडे धावतात. ती मागे बसून वह्या तपासत असते, मला काडीची मदत करत नाही. दुपारी मुले झोपली की मी स्टाफरूममध्ये जाऊन दुसऱ्या दिवसाची तयारी करते, तेवढाच काय तो निवांतपणा. मुख्याध्यापिका चांगल्या आहेत, त्या म्हणतात, धीर धरा. तीन महिने होत आले. हे काम माझे नव्हे असे वाटते. परत यावे का?

उत्तर : तुमचे वय माझ्या भाचीइतके असले तरी शिक्षिकेला एकेरीत संबोधणे मला जमत नाही, म्हणून ‘तुम्ही’च लिहिते. परत यावे की नाही, या प्रश्नापर्यंत मी पोहोचलेलेच नाही, कारण ‘दुपारी मुले झोपली की’ या चार शब्दांपाशी मी अडकले आहे. चार वर्षांची 26 मुले एका खोलीत आपोआप झोपतात, असे तुम्हाला खरेच वाटते? घरातले एकच मूल झोपवताना ज्यांचा हात भरून आला आहे, त्यांना विचारून पाहा. कोणीतरी गाद्या अंथरते, कोणाला भिंतीकडे तोंड करून निजायचे असते, कोणाला घरून आणलेला विटका टॉवेल गालाखाली लागतो, आणि एखादे असे असतेच की पाठीवरचा हात थांबला की त्याचे डोळे टक्क उघडतात. रोज हे सारे ज्या करतात, त्यांच्याकडेच रडणारे मूल धावणार. त्यात तुमच्या चित्रकार्डांचा काहीही दोष नाही. पण ती कार्डे आणखी रंगीत केल्याने मूल तुमच्याकडे वळणारही नाही.

त्या बाईंचे नाव मला तुमच्या पत्रात सापडले नाही. मुख्याध्यापिका ‘त्या’ आहेत आणि दिवसभर त्याच मुलांत वावरणारी सहकारी मात्र ‘ती’, हे वाचून मला राग आला, तो लपवत नाही. आपल्या अंगणवाडीतील मदतनिसाच्या जागी तुम्ही त्यांना बसवले आहे. (मदतनिसालाही ‘ती’ म्हणू नये, पण ते असो.) वर्ग त्यांचा आहे आणि तुम्ही त्या वर्गात इंग्रजीपुरत्या येणाऱ्या पाहुण्या आहात. मुले त्यांना ‘ख्रू’ म्हणतात, तो आपलाच ‘गुरू’ हा शब्द आहे. जूनमध्ये, बहुधा गुरुवारीच, शाळाशाळांतून ‘वाई ख्रू’ होतो आणि मुले गुडघे टेकून शिक्षकांना फुले देतात, तेव्हा त्या फुलांबरोबर दूर्वा असतात. तुमच्या शाळेतही तो झाला असेल. दूर्वा ओळखीच्या वाटल्या नाहीत का?

‘बॉन’चे गुपितही ख्रूंनी तुम्हाला एका मिनिटात सांगितले असते. थाई उच्चारात शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘ल’चा ‘न’ होतो, त्यामुळे त्यांच्या भाषेत केव्हाच रुळलेला फुटबॉलसुद्धा ‘फुटबॉन’ आहे. इंग्रजीतले दोन निरनिराळे ‘व’ आपण मराठी माणसे एकाच ‘व’मध्ये उरकतो, तसेच हे. आणि मुले बोलत नाहीत म्हणून इतक्यात कपाळाला हात लावू नका. नवी भाषा कानावर पडू लागली की लहान मूल कित्येक आठवडे, कधी काही महिने, नुसते ऐकत राहते.

तेव्हा उद्या दुपारी स्टाफरूममध्ये जाऊ नका. चपला बाहेर काढून ख्रूंच्या शेजारी खाली बसा आणि कोणाला थोपटायचे ते खुणेने विचारा. ‘नॉन’ म्हणजे झोपणे, एवढा एक शब्द पहिल्या दिवसाला पुरे. त्यापुढे ‘खा’ जोडा. तो जेवणाचा आग्रह नव्हे, थाई स्त्रिया अदबीने बोलताना वाक्याच्या शेवटी तो लावतात. थाईत पाच सूर आहेत, तुमचा सूर नक्की चुकेल आणि मुले खुदखुदतील. हसू द्यावे त्यांना. तीन महिने ती तुमच्यासमोर चुकत आली आहेत. तयारीचा वेळ बुडेल, ही भीती असेल, तर आठवडाभर एकच गाणे आणि एकच चेंडू घेऊन वर्गात जा. मुलांना त्याचा कंटाळा येत नाही, येतो तो आपल्याला.

पहिले सत्र ऑक्टोबरमध्ये संपते. परतीचा प्रश्न तेव्हा पुन्हा विचारा, मी उत्तर देईन. मात्र त्या पत्रात ख्रूंचे नाव आणि 26 पैकी कोणते मूल कोणत्या कुशीवर झोपते, हे लिहिलेले असावे.