काकडी-टमाटर सोड, आधी स्वतःचं ताट वेगळं काढ

बाई, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. वय २८, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७६ किलो, धाकटं लेकरू दीड वर्षाचं. दहा दिवस नुसती काकडी-टमाटर खाऊन तीन किलो उतरलं, महालक्ष्म्यांच्या चार दिवसांत सगळं परत आलं, आणि आता पुन्हा सुरुवात करायला मनच होत नाही. वरून रस्त्यानं फिरायला निघालं की बायका हसतात.

मी दारव्हा तालुक्यातल्या लहानशा गावात राहते, वय ४७. सहा वर्षांपूर्वी ८२ किलो होते. ६७ वर यायला दोन वर्षं लागली, आणि चार वर्षं झाली, किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं पण तिथंच आहे. तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून तू म्हणते.

आधी त्या तीन किलोंचं. ती सगळी चरबी नव्हतीच. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. दहा दिवसांत तीन किलो चरबी जायची तर रोज २३०० कॅलरी कमी पडायला पाहिजेत, आणि तेवढं तर तू दिवसभरात खातही नसशील. खाणं एकदम तोडलं की शरीरात साठवून ठेवलेली साखर आधी संपते, आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणी निघून जातं. काट्यावर उतरलं ते जास्तीकरून हेच. पुरणपोळी खाल्ली, पाणी परत आलं. यात तुझी हार कुठंच नाही, म्हणून आधी ते डोक्यातून काढ. अंगावर पाजत असशील तर असं उपाशी राहणं आणखीच वाईट. पाजणाऱ्या आईला जास्तीचं खाणं लागतं.

आता जे माझ्या बाबतीत खरं कारण निघालं ते सांगते, कारण तुझ्या घरीही तेच असणार. मी सगळ्यांच्या मागून जेवायची. सासऱ्यांचं, पोरांचं, ह्यांचं झालं की गंजात, म्हणजे भांड्यात, जे उरलं ते माझं. अर्धी पोळी लेकराच्या ताटातली, दोन घास भात, वरणाचं शेवटचं पळीभर. वाया जाऊ नये म्हणून सगळं खायची आणि वर माझं जेवण वेगळं. कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी दोनच पोळ्या खाते. एक दिवस मी ते उरलेलं खाण्याऐवजी एका ताटात जमा करत गेले. संध्याकाळपर्यंत एका माणसाचं पूर्ण जेवण झालं होतं. ते ताट पाहून मला रडू आलं. मला वाटायचं माझ्या अंगालाच काही झालंय, आणि मी तर रोज एक जेवण जास्तीचं जेवत होते.

म्हणून तुला पहिलं काम हे सांगते: स्वयंपाक झाला की कोणाला वाढायच्या आधी तुझं ताट काढ आणि झाकून ठेव. त्यात दीड-दोन पोळ्या किंवा एक भाकर, वाटीभर घट्ट वरण, भाजी भरपूर, कांदा-काकडी. जेवशील तू नंतरच, पण जेवशील ते झाकलेलं ताट. उरलेलं फ्रिजात, नाहीतर गायीच्या घमेल्यात. सासूबाई पहिले दोन-चार दिवस पाहतील. माझ्या सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, गुडघे दुखून राहिलेत, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. ते खरंही होतं. दुखण्याचं नाव घेतलं की घर ऐकते, बारीक व्हायचं म्हटलं की हसते, हा माझा अनुभव.

दुसरं तेल. चमचे मोजायला जाऊ नको, फोडणीच्या घाईत कोण मोजतं? पिशव्या मोज. आम्ही पाच माणसं, महिन्याला सहा पिशव्या लागायच्या. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, तर माणशी रोजचं ३६ ग्रॅम पडत होतं. चार पिशव्यांवर आणलं तेव्हा २४ झालं. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात रोज शंभराच्या वर कॅलरी कमी, तेही एक घास कमी न करता. पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख टाकायची, एवढंच. तर्रीशिवाय आमच्याकडे कोणाचं भागत नाही, म्हणून वांग्याची तर्रीवाली भाजी मी रविवारी ठेवली. बाकीच्या दिवशी ह्यांना फरक कळायला तीन आठवडे लागले.

चहाचं तुला माहीतच असेल. पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅमपर्यंत साखर, दोनशे कॅलरी. एकदम बंद केला तर डोकं दुखते, म्हणून दर आठवड्याला एक कप कमी कर.

भाकरीबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. ज्वारीची भाकर खाल्ली की माणूस बारीक होतो असं नाही. पीठ तेवढंच घेतलं तर पोळी आणि भाकरीत कॅलरीचा फारसा फरक नाही. भाकर बरी ती यासाठी की चावायला वेळ लागतो आणि पोट भरल्यासारखं राहते. आपल्या ताटात खरी कमी आहे ती प्रथिनांची. वावरात तूर पिकते, सोयाबीन पिकते, आणि आपण दुपारी ठेचा-भाकर खाऊन उठतो, मग चार वाजता चिवड्याचा डबा हातात येतो. वरण पातळ नको, घट्ट कर. किराणा दुकानात सोयाबीनच्या वड्या मिळतात, त्या ३० ग्रॅम भिजवून भाजीत टाकल्या तर १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. घरी चालत असेल तर अंडं. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला आला की घोळणा कर, कांदा घालून, तेल अगदी थेंबभर. उपवासाला मात्र जप. साबुदाण्याची उसळ, त्यात फल्लीदाण्याचा कूट आणि आलू, हे रोजच्या जेवणापेक्षा जड पडते. भगर आणि ताक घे.

फिरण्याचं. मलाही एका बाईनं चौकात विचारलं होतं, "काहून रिकामी फिरून राहिली वं?" मी दोन महिने घरात बसले त्या एका वाक्यानं. मग हातात डबा घेतला. आमचं वावर दोन किलोमीटर आहे. ह्यांचा डबा पूर्वी पोरगा गाडीवर नेऊन द्यायचा, तो मी पायी न्यायला लागले. जाऊन-येऊन चार किलोमीटर, तुझ्या वजनाला दोनशेच्या आसपास कॅलरी. हातात डबा असला की कोणी काही विचारत नाही. तुझं वावर दूर असेल तर लेकराला अंगणवाडीत सोडायला लांबच्या रस्त्यानं जा, देवळात जा, काहीही कर, पण कामाच्या नावानं जा. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं झालं पाहिजे, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत.

पावसाळ्यात पांदणीत, वावराच्या कच्च्या वाटेनं, जाऊ नको. काळी माती चपलेला किलोकिलोनं चिकटते आणि गवतात सापाची भीती. तेव्हा डांबरी रस्ता, नाहीतर घरात बाजेवरून उठबस. हात न टेकता दहा वेळा, दिवसातून तीनदा. मे महिन्यात उन्हाचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पहाटे पाचलाच निघायचं.

मन लागत नाही म्हणतेस. माझंही रोज लागत नव्हतं, आजही लागत नाही. मनाची वाट पाहिली असती तर काहीच झालं नसतं. डबा न्यायचा असतो म्हणून पाय निघतात, ताट झाकलेलं असते म्हणून तेवढंच खाल्लं जाते. काटा रोज पाहू नको. पाळीच्या आधी पाण्यानंच किलो-दीड किलो वाढते आणि आपण उगाच खचतो. आरोग्य उपकेंद्रातल्या काट्यावर पंधरा दिवसांनी, सकाळच्या वेळी, एकाच प्रकारच्या कपड्यात. घरी एक सुतळी ठेव. बेंबीपाशी कंबर मोज, गाठ मार. दर महिन्याला नवी गाठ. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं आपल्या देशातले डॉक्टर मानतात. माझ्या सुतळीवर पहिल्या वर्षात नऊ गाठी पडल्या, आणि काटा हलला नाही त्या महिन्यांतही गाठ आत सरकली होती.

त्या पहिल्या दोन वर्षांत मी मध्येच घसरलेही. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाईट रात्रीची. हे रात्री वावरात, मी जागी, दोन वाजता चहा आणि टोस्ट. त्यावर लग्नसराई आली. चार महिन्यांत पाच किलो परत आले. तेव्हा घाबरून तालुक्याला एकाच्या सांगण्यावरून वजन उतरवायची पावडर घेतली, सोयाबीनच्या पैशातून. तीन महिने प्यायली. बंद केल्यावर जिथल्या तिथं. तू अशा पावडरी, पट्टे, गोळ्या यांच्या नादी लागू नको. पंगतीत जेव, एक पुरणपोळी तुपासकट खा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत झाकलेलं ताट. भरपाई म्हणून उपाशी राहू नको, तिथूनच सगळं बिघडते.

सध्या ७६ चं ५५ करायचा विचारच मनात आणू नको. आधी ७२. त्याला तीन महिने धर. वजनाच्या पाच टक्के उतरलं तरी बीपी आणि शुगरवर फरक पडायला लागतो.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी एकदा रक्त तपासून घे: थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर. बाळंतपणात शुगर वाढली होती का, तेही डॉक्टरांना सांग. दीड वर्षाच्या लेकरामागं धावून थकवा येतो असं आपण धरून चालतो, आणि रक्त कमी असते. तसं असलं तर आधी ते भरून काढ, चालणं महिनाभर उशिरा सुरू झालं तरी चालेल. आशाताईला विचार, कोणत्या दिवशी कुठं तपासणी असते ते ती सांगेल. तोवर आज रात्रीचं ताट काढून झाक आणि तेलाच्या पिशवीवर तारीख टाक.